पिशवीतला पुरुष

लेकीनं कचऱ्याची पिशवी गॅलरीत वर्तमानपत्रावर उपडी केली आणि ती गुडघे टेकून बसली. आई दारात उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही, हेच लेकीला खटकलं.

समोरच्या दारातल्या काकूंचा काल फोन आला होता. तुझ्या आईकडे कुणीतरी पुरुष राहतोय, असं त्यांनी आधी आढेवेढे घेत आणि मग अगदी चवीनं सांगितलं. पुरावा काय, तर मांजरानं कचऱ्याची पिशवी फाडली आणि त्यांना सगळं दिसलं. दुसऱ्या कुणी त्यांना उडवून लावलं असतं. पण लेक बँकेत होती, ग्राहकांची फसवणूक टाळणाऱ्या विभागात. कचऱ्यात टाकलेल्या एका पाकिटावरून माणूस कसा लुटला जातो, हे ती रोज लोकांना कानीकपाळी ओरडून सांगायची. न कळवता ती सकाळीच येऊन थडकली.

आधी कागद पाहिले. विजेच्या बिलाचे बारीक तुकडे, पार्सलवरून सोलून काढलेला पत्ता, औषधाच्या चिठ्ठीचा तर पार भुगा. एक नाव, एक नंबर शाबूत नव्हता. लेकीला मनातून बरं वाटलं. मागे एकदा घरच्या सगळ्यांना जमवून तिनं हे धडे दिले होते. नवरा जांभया देत होता, भाऊ मोबाइलमध्ये डोकं खुपसून होता. आई आणि लेकीचे सासरे, दोघांनीच काय ते मन लावून ऐकलं होतं.

मग बाकीचं पाहिलं. दाढीच्या फेसाचा रिकामा डबा. वापरलेली ब्लेडं. पुरुषांच्या नऊ नंबर बुटांचं खोकं.

"आई, हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही," आई म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली. हिला कमी ऐकू यायला लागलंय की काय, अशी शंका लेकीला आली. "तूच शिकवलंस ना, आपला कचरा आपली माहिती बाहेर सांगतो म्हणून? नाव फाडलं, पत्ता फाडला. पण मी एकटी राहते, ही माहिती नाही का? दुधाची एक पिशवी, मूठभर भाजीची देठं. कुणीही ओळखेल. ते कुठल्या यंत्रात घालून फाडू?"

इतकी वर्षं हे काम करताना लेकीला हे कधी सुचलंच नव्हतं.

आईनं मग सगळं सविस्तर सांगितलं. मागच्या इमारतीत घरफोडी झाली, तीही एकट्या बाईकडे. तेव्हापासून तिनं पिशवीत एक पुरुष राहायला आणला होता. खालच्या सलूनमधून डबे आणि ब्लेडं, कोपऱ्यावरच्या दुकानातून रिकामं खोकं. खर्च शून्य, आणि त्याचे कपडे धुवायला नकोत.

"आणि काकू गावभर करतायत त्याचं काय?"

"काकूंना खरं वाटलं ना? मग चोरालाही वाटेल."

लेक खो खो हसली. हसताना तिला ओशाळल्यासारखंही झालं, कारण पर्समध्ये आईचं तिकीट होतं. भाऊ दूरच्या शहरात राहायचा. आईला त्याच्याकडे पाठवायचं आणि हे घर भाड्यानं द्यायचं, असं बहीणभावांनी जवळपास ठरवलं होतं. काकूंच्या फोननंतर तर उरलीसुरली शंकाही मिटली होती. या बेताला विरोध एकट्या सासऱ्यांचा. बाई हुशार आहेत, त्यांना त्यांच्या घरात राहू द्या, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. सध्या ते मित्राकडे गेले होते, नाहीतर आज त्यांनी तिला उंबऱ्यातच अडवलं असतं.

तरी कामाची सवय सुटत नाही. तिनं दाराची कडी तपासली, स्वयंपाकघराची खिडकी ओढून पाहिली आणि आतल्या खोलीकडे वळली.

"ते दार उघडू नकोस," आई म्हणाली. "झुरळांचं औषध मारलंय. खिडक्या सगळ्या घट्ट आहेत."

"आई, खरं सांग. एकटीला भीती नाही वाटत?"

आईनं तिचा हात हातात घेतला. "अगं, मी फार सुखात आहे इथे. तुझे वडील गेल्यावर वाटलं होतं, आता फक्त दिवस ढकलायचे. तसं झालं नाही. मला या घरातून हलवू नका."

लेकीचे डोळे भरून आले. इतकं सरळ आई कधी बोलली नव्हती. तिनं तिथूनच भावाला फोन लावला. आई कुठेही जाणार नाही, तिला आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतं, असं ठणकावून सांगून तिकीट रद्द करायला लावलं. कचरा स्वतःच पुन्हा पिशवीत भरला. फेसाचा डबा मुद्दाम वर दिसेल असा ठेवला.

निघताना समोरचं दार किलकिलं होतंच.

"काकू," लेक जिना उतरता उतरता म्हणाली, "रिकाम्या डब्यावरून माणूस उभा करू नये. माझी आई एकटी राहते आणि छान राहते."

दार आपटलं. लेक ताठ मानेनं खाली उतरली.

वर आई गॅलरीत थांबली. लेकीची रिक्षा वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तिनं हात हलवला. मग ती घरात आली, कडी लावली आणि आतल्या खोलीच्या दारावर हलकेच टकटक केली.

"या बाहेर. गेली तुमची सून."