तिसरा फटका

बारा सिनेमांत 'महामगर' या राक्षसी मगरीच्या रबरी पोशाखात उकडून निघालेल्या म्हाताऱ्याला निर्मात्याने एका वाक्यात घरी बसवलं होतं. "आत कोण आहे, लोकांना काय फरक पडतो?" आणि तो पोशाख आपल्या जावयाच्या अंगावर चढवला.

आता महामगर आणि राक्षसी अस्वल यांची झुंज ठरली, तेव्हा म्हाताऱ्याला परत बोलावलं, ते अस्वल होऊन मार खायला. पुठ्ठ्याचं शहर उभारायला सहा महिने गेले होते. "झटापटीत सगळं भुईसपाट होणार, दुसरा टेक नाही," दिग्दर्शकाने बजावलं. "शेपटीचा तिसरा फटका बसला की तुम्ही आडवं व्हायचं."

तिसरा फटका बसला. म्हाताऱ्याने शेपटीच धरली. कुठे ओढली की आतल्या माणसाचा तोल जातो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उरलेल्या एकमेव मनोऱ्यावर महामगर तोंडघशी पडली. चारही कॅमेरे चालू होते.

निर्माता लालबुंद होऊन धावत आला. म्हाताऱ्याने अस्वलाचं डोकं उतरवून काखेत धरलं आणि शांतपणे घाम पुसला.



"खाली कोण पडलंय, लोकांना काय फरक पडतो, साहेब?"