बारावा भाग

"अहो, तुमच्या हेराचा बारावा भाग आलाय मोबाइलवर," नीरजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"कुठून येणार? अकराव्यालाच गाशा गुंडाळला होता. बारावा शूटच झाला नाही," शरच्चंद्र म्हणाले. गाजलेल्या कौटुंबिक मालिकेत त्यांनी तरुणपणी साकारलेल्या हेराला वेगळी मालिका मिळाली होती, पण ती तीन महिनेही चालली नव्हती.

तरी त्यांनी फोन हातात घेतला.

हेर सदाशिव पेठेतला एक जिना चढत होता. चेहरा त्यांचाच होता, पण केस आजच्यासारखे पांढरे.

तो एका दारापाशी थांबला. दारावर पाटी होती: 'एक ते चार बेल वाजवू नये.' अक्षर नीरजाबाईंचं होतं. पाटी त्यांनी आज सकाळीच लावली होती.

हेराने पाटी वाचली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तो शांतपणे पायरीवर बसला.

शरच्चंद्रांनी भिंतीकडे पाहिलं. चार वाजायला दोन मिनिटं होती.