निळ्या पट्टीची मुलगी

"सहा वर्षांत एक फोटो नाही? एक?" तिने शेवटचा अल्बम धाडकन मिटला.

म्हातारा फोटोग्राफर स्टुडिओतल्या टेबलापलीकडे चष्मा पुसत बसला होता. "मी फोनवरच म्हटलं होतं, बाई. मुलं शेकड्यांनी असायची. एखादी राहून जाते."

"एखाद्या वेळी राहते हो! सहा वर्षं कशी राहते?"

सकाळपासून तिने एकूणएक पान उलटलं होतं. लहानपणी ती खेळायला जायची त्या क्लबचं मैदान होतं, चुन्याच्या रेघा होत्या, लांब उडीतली वाळूसुद्धा होती. रिलेच्या चौघी असायच्या, फोटोत तिघी. लंगडीत शेवटून पहिला येणारा तो जाड्यासुद्धा सात फोटोंत दात काढून उभा होता. आणि ही बया दोनदा पहिली येऊनही कुठेच नव्हती.

लेकीच्या शाळेने आईचा लहानपणीचा फोटो मागवला होता. तिने घर पालथं घातलं, फोटो सापडला नाही. तेव्हा लेकीने अगदी साधेपणाने विचारलं, "आई, तू लहान नव्हतीसच का?" ती हसली, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. आई आठवत नव्हती. वडिलांचं नाव काढलं की तिला वाढवणारी मावशी ताटावरून उठायची. ती मावशीही गेल्या वर्षी गेली. तिला लहान असताना पाहिलेलं माणूस आता कोणीच उरलं नव्हतं. माणसाला एवढं एकटं वाटू शकतं हे तिला तोवर माहीत नव्हतं.

अल्बम बाजूला सारून ती उठली. इतक्या वर्षांचं साचलेलं शेवटी तोंडावर आलंच.

"खरं सांगू का काका? मला तेव्हाही कळायचं. मी समोर आले की तुम्ही कॅमेरा खाली करायचात. बाकीच्यांना 'हसा रे, हसा' आणि मला पाठ! आईबाप नसलेल्या माझ्यासारख्या मुलांना निळी पट्टी बांधतात, असं मी समजायचे. कोण घेणार त्यांचे फोटो? पण एक घेतला असतात तर तुमचा कॅमेरा विटला असता का?"

फोटोग्राफरचा हात थांबला. चष्मा न घालताच तो तिच्याकडे बघत राहिला.

"निळी पट्टी? डाव्या मनगटाला? मावशीबरोबर यायची ती?"

"हो."

"अगं, मग आधी बोलायचं नाही का!" तो एकदम अगं-तुगंवर आला. "बस. बस आधी खाली."

ती बसली नाही.

"ज्या मुलांचे फोटो काढू नका असं घरून लिहून यायचं, त्यांना ती पट्टी असायची. आईबाप असोत नाही तर नसोत. तुझ्या मावशीचं तर नुसत्या लिहिण्यावर भागलं नाही. इथे येऊन माझा हात धरला तिनं. म्हणाली, 'पेपरात हिचं तोंड दिसलं, तर हिचा बाप दारात उभा राहील. माझ्या बहिणीचं त्यानं काय केलं, ते विचारू नका.'"

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आला होता तो?"

"एकदा. मुलीचा काका आहे म्हणाला. आसपासच्या गावांतले सगळे स्टुडिओ धुंडाळत आला होता. याच खुर्चीत बसून तू आत्ता बघितलेस ते अल्बम त्यानं एकेक पान करून बघितले. मी चहा दिला. माझ्या हातात कपबशी वाजायला लागली, तर ताप आहे अशी थाप मारली." म्हाताऱ्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "रिकाम्या हातानं गेला. परत आला नाही."

आता ती बसली. राग कुठल्या कुठे गेला होता, पण त्याच्या जागी आलं काहीच नव्हतं. म्हणजे सगळे तिच्या भल्यासाठी झटले होते, आणि तरीही तिच्या हाती काही लागणार नव्हतं.

"म्हणजे फोटो नाहीच," ती म्हणाली.

"नाही गं."

"मावशीला विचारलं असतं मी, लहानपणी कशी होते ते. आता कुणाला विचारू? मला बघितलेलं कोणी राहिलंच नाही हो काका."

तो तिच्याकडे बघतच राहिला, ही काय खुळ्यासारखं बोलतेय म्हणून.

"पळताना अंगठा मुठीत दाबून धरायचीस," तो म्हणाला. "शर्यत सुरू व्हायच्या आधी दोनदा मागे वळून मावशीला बघायचीस. पुढचा एक दात पडला तेव्हा महिनाभर तोंडावर हात ठेवून हसत होतीस. लांब उडीत एक पोरगी पडली, तर स्वतःची पाळी सोडून तिच्या गुडघ्यावरची वाळू झाडत बसलीस आणि वर सरांच्या शिव्या खाल्ल्यास."

तिने विचारलं, "एवढ्या मुलांमधून मी कशी लक्षात राहिले?"

"ज्यांचे फोटो काढले त्यांची तोंडं मला आज आठवत नाहीत, पोरी." त्याने अल्बमांच्या ढिगावर हात ठेवला. "पण यातल्या एकाही फोटोच्या वेळी, तू कुठे आहेस ते बघितल्याशिवाय मी बटण दाबलं नाही."