दुभाष्याची आत्या

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलात ते तुम्हीसुद्धा या. गोष्ट लहान आहे, पण तिखट आहे. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तर सांगणाऱ्याला बोल लावू नका.

शाळेचा हॉल. मुलांच्या बुटक्या बाकांवर घाटावरच्या बायका गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. दवाखान्याच्या चादरी नदीवर धुऊन घर चालवणाऱ्या बायका. समोर टेबलामागे तिघं: विकास बँकेच्या परदेशी बाई, कंपनीचा साहेब आणि मधे दुभाषी.

वरच्या वळणावर कंपनी नदीला बांध घालणार होती. पाणी जाड नळात शिरणार, डोंगर उतरणार, खाली चाक फिरवून वीज करणार. धूर नाही, राख नाही. म्हणून तर बँकेनं कर्जाला हात सैल सोडला होता. फक्त बांध आणि वीजघर यांच्यामधलं नदीचं पात्र कोरडं पडणार होतं, आणि घाट नेमका तिथेच होता.

बँकेचा नियम सरळ होता. लोकांनी हरकत घेतली आणि ती लिहिली गेली, तर पात्रात पाणी सोडल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. बाईंनी तो सुरुवातीलाच नीट समजावून सांगितला होता. दुभाष्यानं त्याचं एवढंच केलं: “तुम्ही मोकळेपणानं बोला.”

त्याच्या धंद्याची एक रीत असते. ज्याचं बोलणं सांगायचं, त्याच्याच तोंडानं सांगायचं. ‘ती म्हणते’ नाही, ‘मी म्हणते’. दुभाषी मधे नसतोच जणू. हा तर त्यातला वाकबगार. निखारा हातात द्या, पलीकडे तो गुलाबजल करून पोचवील.

त्याची आत्या उठली.

“मघापासून स्वच्छ वीज, स्वच्छ वीज ऐकतेय. स्वच्छ कशाला म्हणतात ते आम्हाला विचारा, बाई. जन्म त्यात गेला आमचा. तुमची वीज स्वच्छ, आणि चादरीवरचं रक्त आम्ही काय थुंकीनं धुवायचं? नदी नळात घालायची असेल तर त्या नळाच्या तोंडात आधी मला कोंबा. हरकत आहे आमची. हरकत!”

दुभाष्यानं घसा खाकरला आणि पाहुण्यांच्या भाषेत म्हणाला, “स्वच्छ विजेचं मी स्वागत करते. पाण्याकडेही लक्ष असावं, ही विनंती.”

बाई गोड हसल्या. एक ओळ लिहिली. साहेबानं दुभाष्याकडे हळूच पाण्याचा पेला सरकवला.

आत्या उभीच होती. “काय रे, मी शिव्या घातल्या आणि ही हसते कशी? ती बहिरी आहे की तू मुका?”

“आत्या, बस खाली. सांगितलं सगळं.”

“सगळं? मी एवढं पुराण लावलं, आणि तुझं एका शिंकेत आटपलं?”

बायका खिदळल्या.

“अगं, त्यांच्या भाषेत थोडक्यात होतं.”

“होतं का? बघू.”

ती टेबलाला वळसा घालून आली. सोड्यानं सोललेल्या बोटांनी तिनं त्याचा कान धरला. टाय बांधलेल्या, तिशी उलटलेल्या माणसाचा कान. आता कोणी हसलं नाही.

“सांग तिला. हा माझा भाचा. मी हरकत घेतली, ती यानं गिळली. सांग!”

साहेब दुभाष्याला खालच्या आवाजात म्हणाला, “घरगुती भांडण आहे हे. याचं भाषांतर नको. तुमच्या कायम नोकरीचं बोलणं झालंय आपलं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काय म्हणतायत त्या?”

काहीही सांगता आलं असतं. आत्याला त्यातलं अक्षर कळलं नसतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि तिलाही. तिनं कान सोडला.

“जा. आता तू आणि तुझा देव.”

दुभाषी उभा राहिला. पेल्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. धंद्याची रीत मात्र त्याच्यानं मोडवेना.

“मी घाटावर चादरी धुते,” तो पाहुण्यांच्या भाषेत म्हणाला. “माझी हरकत आहे. नदी नळात घालायची असेल तर त्या नळाच्या तोंडात आधी मला कोंबा. हे मी मघाशीच सांगितलं होतं. माझा भाचा इथे उभा आहे, तो खोटारडा आहे. माझी हरकत त्यानं गिळली. आणि तुमचा नियम त्यानं या बायकांना सांगितलाच नाही.”

‘खोटारडा’ हा शब्द आणि शेवटचं वाक्य आत्या बोललीच नव्हती.

मग तो बाकांकडे वळला आणि बँकेचा नियम त्यानं सगळाच्या सगळा बायकांच्या भाषेत सांगितला. बाक खडाखड मागे सरकले. “म्हणजे आमच्या हरकतीवर यांचं कर्ज अडतंय होय रे, मेल्या!” कोणीतरी ओरडलं. बघता बघता सगळ्या उभ्या. साहेब बाईंच्या कानाशी लागला होता, पण त्या गोंगाटात त्याचंच त्याला ऐकू येत नव्हतं.

आत्यानं बाईंच्या कागदावर बोट ठेवलं. “हसून झालं असेल तर लिही म्हणावं.”

दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. साखर घातली नाही.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी मघाची ओळ खोडली आणि पेन हातात धरून दुभाष्याकडे पाहिलं.

“पुन्हा सांगा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”

आत्या तुमच्या लक्षात राहीलच, तिच्यासाठी मला सांगावं लागत नाही. पण माझं एक ऐका: देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या भाच्याचीही आठवण ठेवा. भर सभेत, आत्याच्या तोंडानं, त्यानं स्वतःला खोटारडा म्हटलं होतं.