चोवीस की सत्तावीस

"बाबा, तुम्ही पुन्हा रिमोटला हात लावलात."

मुलाने फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावरून मास्तरांपुढे सरकवला. पडद्यावर कालची नोंद होती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, बेडरूम, चोवीसवरून सत्तावीस, बदल हाताने.

"मी नाही लावला."

"मग काय भुताने लावला?"

मास्तरांनी फोन परत त्याच्याकडे सरकवला. पोस्टातून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. घरात मात्र हल्ली त्यांच्या शब्दाला साध्या पाकिटाएवढीही किंमत उरली नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी आईला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजर छताला लागली. तिला काही कळत नसावं असं डॉक्टर म्हणाले. मुलाने त्यातलं 'नसावं' काढून 'नाही' केलं. मोठाल्या इमारतींत एसी बसवायचं त्याचं काम. आईला सांगता येत नाही, तर तिला सांगावंच लागू नये, असा विचार करून महिन्याभरापूर्वी त्याने बेडरूमच्या भिंतीवर एक डबी बसवली. डबी खोलीचं तापमान मोजायची, हवेतला दमटपणाही मोजायची, आणि दोन्ही बघून एसी किंवा हीटर आपोआप चालवायची. हवा कोरडी असली तर सव्वीसही चालतं. दमट झाली की अंग चिकचिकतं, म्हणून डबी चोवीसवर आणायची. मध्ये कोणी हात घालायचा नाही, एवढीच अट होती.

"तुम्हाला उकडतं म्हणून तुम्ही गार करायला जाता आणि नेमकं वरचं बटण दाबता," मुलगा म्हणाला. "चुकता ते चुकता, वर विसरता. मला ऑफिसातून फोनवर पुन्हा चोवीस करत बसावं लागतं."

"हवा सादळली असताना गार केलं की तिची हाडं ठणकतात. सांगितलंस का तुझ्या डबीला?"

"आईला आता काही कळत नाही, बाबा."

हे वाक्य मास्तरांना झोंबलं. या घरात चाळीस वर्षं पंख्यावरून भांडण चाललं होतं. मास्तर पंखा पाचवर करायचे आणि आई जाता-येता, तोंडातून चकार शब्द न काढता, दोनवर आणायची. आमचा संसार टिकला तो पंखा टिकला म्हणून, असं मास्तर पाहुण्यांना सांगत.

पण मुलगा आज रजा टाकून आला होता तो डबीसाठी नाही. टेबलावर शुश्रूषागृहाचा फॉर्म पडला होता. सोमवारपासून तिथे आईला खाट मिळत होती. फक्त मास्तरांची सही हवी होती. ज्या माणसाला आपण काल काय केलं ते आठवत नाही, त्याच्या भरवशावर आईची औषधं कशी सोडायची, असं मुलाचं म्हणणं होतं. तो काही वाईट नव्हता. घाबरला होता.

आता मास्तरही घाबरले. माणूस विसरतो, नोंद विसरत नाही, हे जन्मभर काउंटरवर बसून त्यांनीच लोकांना ऐकवलं होतं. खरंच आपण करत असू आणि विसरत असू तर? एखाद्या दिवशी गोळ्या दोनदा दिल्या तर?

ते उठले आणि फॉर्म घेऊन फ्रिजपाशी गेले, कारण पेन फ्रिजला बांधलेलं होतं. वस्तू दोरीला बांधायची ही पोस्टातली खोड. चष्मा खुंटीला बांधलेला, किल्ली दाराला. एसीचा रिमोटसुद्धा हरवू नये म्हणून त्यांनी आईच्या खाटेला बांधून ठेवला होता. उजवीकडे भिंत अडचणीची, म्हणून डाव्या अंगाला.

मास्तरांनी फ्रिजच्या दारावर फॉर्म धरला आणि पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

मुलाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. तीन वाजून आठ मिनिटं, बेडरूम, चोवीसवरून सत्तावीस, बदल हाताने.

"कामाची बाई?"

"ती दोनलाच गेली."

मुलाने मास्तरांच्या हातांकडे पाहिलं. एका हातात फॉर्म होता, दुसऱ्यात पेन.

दोघं बेडरूमच्या दारात आले. आई तशीच पडून होती, नजर छताला. रिमोट तिच्या डाव्या हाताशी चादरीवर होता. डबी दमटपणा एकाहत्तर टक्के दाखवत होती. मुलाने फोनवरून पुन्हा चोवीस केलं. एसी घुरघुरला, गार झोत सुटला. मिनिटभर काहीच झालं नाही. मुलगा मागे वळणार, इतक्यात चादरीवरचा डावा अंगठा हलला. चाचपडत, थांबत, रिमोटवर चढला. टिक. बऱ्याच वेळाने टिक. मग आणखी एकदा.

"सत्तावीस," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसतही होते. "अगं, अजून भांडतेच आहेस होय!"

मुलाचा हात सवयीने फोनकडे गेला.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "मला उकडू दे."

ते खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि फॉर्मची घडी घालून वारा घेऊ लागले.

मुलगा दारातच उभा राहिला. त्याने महिन्याभराच्या नोंदी उघडल्या. एकोणीस वेळा चोवीसचं सत्तावीस झालं होतं. आणि त्या प्रत्येक नोंदीखाली दोन-चार मिनिटांनंतरची आणखी एक नोंद होती, त्याच्या स्वतःच्या नावाने: पुन्हा चोवीस.