चिमूटभरच

काचेच्या टाकीतलं पाणी पुन्हा गढूळलेलं दिसलं आणि मधु गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन माशांपैकी एक उलटा होऊन तरंगत होता.

टाकी मंजुषाची, त्यांच्या बायकोची. डहाणूहून डब्यांतून खारं पाणी आणवून तिनं जव्हारच्या डोंगरात समुद्र मांडला होता. ती गेल्यावर घरात तिचं जिवंत असं एवढंच उरलं. म्हणून शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी टाकीला जिवापाड जपत.

जाताजाता तिनं बजावलं होतं, रोज सकाळी खाणं चिमूटभरच. टाकीतल्या दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते उरलंसुरलं खाऊन पाणी निर्मळ ठेवतात; पण त्यांच्याही पोटाला माप आहे.

संशय चैतीवरच होता. पाड्यावरून कामाला येणाऱ्या या बाईला गुरुजींनी एकदा हौसेनं सांगितलं, हे दगड जिवंत आहेत. जिवंत दगड म्हणजे देवच, असं धरून तिनं दुसऱ्या दिवशी त्यांना नागलीचं पीठ वाहिलं. तेव्हा गुरुजी हसले होते. पण हल्ली माशांच्या खाण्याचा डबा भराभर संपे. मुंबईहून डबे पाठवणारा मेहुणा विचारी, मासे पाळलेत की म्हशी? साखरेचंही तेच. बाईचा हातच सैल, दुसरं काय.

शिवाय परवा गुरुजी डबा उघडत होते, तेव्हा चैती दारातून म्हणाली होती,

"मासल्यांना खावाला घातलाय, गुरुजी."

म्हणजे कबुलीच की.

आज त्यांनी तिला समोर उभं करून विचारलं, कुणी घातलं? चैती पदराला हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझाच चुकला," ती म्हणाली.

उद्यापासून येऊ नकोस, असं गुरुजींनी सांगून टाकलं. ती उंबऱ्याशी थबकली.

"मंग उद्या कोन बघल?"

"मी आहे की."

"तेच ना," असं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतःच चहा टाकला. टाकीत चिमूटभर खाणं सोडलं. उरलेला मासा वर आला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. आता पाणी निवळेल.

चहा मात्र घशाखाली उतरेना इतका गोड झाला होता. ते कप घेऊन बसून राहिले. घर खायला उठलं होतं. मंजुषा नाही, आता भांड्यांचा आवाजही नाही. उगाच घालवलं चैतीला, असं वाटून त्यांना भरून आलं.

मासा काचेशी घुटमळत होता. गुरुजी लगबगीनं उठले आणि त्यांनी डबा उघडला. चैती नाही म्हटल्यावर त्या बिचाऱ्याला सकाळपासून कुणी खायलाच घातलं नव्हतं.