पाकिटावरचा फोटो

धामणगाव बढ्याच्या शेतकरी कंपनीत नव्यानेच लागलेल्या काजलने संचालकांपुढे ज्वारीच्या बिस्किटांचं प्रेझेंटेशन उघडलं, पण होकाराची तिला खात्री नव्हती. तिच्या आधी या जागेवर असलेल्या साहेबांची हळदीची योजना ऐकून हेच संचालक गोड हसले होते, चहा प्याले होते आणि "झकास हाय, पाहू," म्हणून घरी गेले होते. पुढे त्या हळदीचं नावही कोणी काढलं नाही.

गिऱ्हाईक, बाजार, भाव, सगळं सुरळीत पार पडलं. मग पडद्यावर शेवटची स्लाईड आली: पाकिटावर आपल्यातल्याच एका शेतकऱ्याचा फोटो छापायचा.

"माहा लावा," अध्यक्ष कडूबा म्हणाले.

"कडूबाभाऊ, तुमच्या मिशा पाहून लेकरं बिस्किटं टाकून पळतीन!" संचालक कोकिळाबाई कडाडल्या. "माहा लावा. ज्वारी माह्या वावरातली हाय."

मग जी जुंपली! कोणाचं नाक, कोणाचे दात, कोणाचं टक्कल, काही म्हणता काही सुटलं नाही. काजल रडकुंडीला आली.

"काका, भांडू नका न! मी फोटोची स्लाईडच उडवतो. पण योजनेले तुमचा होकार..."

सगळे भांडण सोडून तिच्याकडे वळले. कडूबांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"होकार? अवं पोरी, नकोच असतं त 'पाहू' म्हणून कवाच घरी गेलो असतो न आम्ही!" मग मिशांना पीळ देत ते हळूच म्हणाले, "स्लाईड राहू दे. मी फेटा बांधून येतो."